क्रेटचा हिशेब आणि यंत्राचा मोह

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस किलोंचा क्रेट हेच भावाचे माप मानले जाते. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटोचे भाव कडाडले, तेव्हा क्रेटमधील मालाची चर्चा देशभर झाली. क्रेटची मात्र कोणी केली नाही. वस्तुतः माल विकला की त्याचा व्यवहार संपतो, क्रेटचा संपत नाही. तो रिकामा होऊन परत यावा लागतो. दूरच्या बाजारपेठेत अडकला, दुसऱ्याच्या गाडीत चढला किंवा कोणाच्या गोठ्यात जाऊन बसला, तर तेवढे भांडवल बुडाले असेच समजावे लागते. अशा मालमत्तेचा माग ठेवण्याची अनेक साधने आज विक्रीस आहेत. प्रश्न आहे तो निवडीचा, आणि हा प्रश्न यंत्रशास्त्राचा असण्यापेक्षा अर्थशास्त्राचा अधिक आहे.

माग कशाचा ठेवावयाचा, हे प्रथम ठरविले पाहिजे. ओतूर-आळेफाट्याचा कांदा गोणीत भरून जातो. गोणी मालाबरोबर गेली ती गेली. तिचा पाठपुरावा करणे म्हणजे सुतळीसाठी कुलूप घेण्यासारखे आहे. जी वस्तू परत यावयाची असते, पुन्हा पुन्हा वापरावयाची असते आणि सहज हातोहात जाऊ शकते, तिचाच माग ठेवण्यात अर्थ आहे. टोमॅटोचा क्रेट, दुधाचा कॅन, भाड्याने फिरणारे शेतीचे अवजार या वस्तू त्या वर्गात मोडतात.

दुसरा विचार असा की, ‘ही वस्तू कोणती?’ आणि ‘ती आता कोठे आहे?’ हे दोन अगदी भिन्न प्रश्न आहेत. जुन्नरच्या परिसराला हा भेद बिबट्यांनी शिकविला आहे. 2009 साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे पकडलेल्या एका नर बिबट्याला विद्या अत्रेया यांच्या संशोधक गटाने जीपीएसचा गळपट्टा बांधला आणि माळशेज घाटाच्या परिसरात सोडले. ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेला हा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला, हे त्या गळपट्ट्यामुळे कळले. परंतु 2011 साली वाहनाच्या धडकेने तो मरण पावला, तेव्हा त्याची ओळख पटविली ती कातडीखाली बसविलेल्या इवल्याशा चिपने. गळपट्ट्याला बॅटरी लागते, आणि बॅटरी संपली की तो मुका होतो. चिपला बॅटरी लागत नाही. मात्र कोणी वाचनयंत्र जवळ नेईपर्यंत ती बोलत नाही.

व्यापारातील साधनेही याच दोन जातींची आहेत. बारकोडची चिठ्ठी स्वस्त असते, पण ती एकेक करून वाचावी लागते आणि चिखलाने माखली की निरुपयोगी ठरते. आरएफआयडीची पट्टी वाहनाच्या काचेवरील फास्टॅगच्या रूपाने सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यामुळे अनेक वस्तू काही मीटरवरून एकदम वाचता येतात. तथापि पाणी आणि धातू तिच्या लहरींना अडथळा करतात, आणि टोमॅटो म्हणजे बहुतांशी पाणीच. जीपीएस ठिकाण सांगते. परंतु त्याला आकाश दिसावे लागते, बॅटरी लागते आणि माहिती पाठविण्यासाठी मोबाइलच्या जाळ्याचा नियमित खर्चही येतो. शीतगृहाच्या भिंतीआड ते भरवशाचे राहत नाही.

आता साधा हिशेब मांडू. समजा, एका व्यापाऱ्याकडे प्रत्येकी दोनशे रुपयांचे चार हजार क्रेट आहेत आणि वर्षाला चारशे हरवतात. नुकसान ऐंशी हजारांचे झाले. वीस रुपयांची पट्टी प्रत्येक क्रेटला लावली, तर तेवढाच खर्च येतो. तिने गळती निम्म्यावर आणली तर दोन वर्षांत फिटतो, आणि वाचनयंत्राचा खर्च निराळा. क्रेटमागे हजार रुपयांचे जीपीएस लावावयाचे तर चाळीस लाख रुपये हवेत. ऐंशी हजार वाचविण्यासाठी! याउलट, शेकडो क्रेट वाहणाऱ्या ट्रकवर एकच जीपीएस, क्रेटवर रंगाने घातलेला क्रमांक, जावक-आवकाची वही आणि क्रेटमागे अनामत रक्कम एवढ्याने बराचसा कार्यभाग साधतो. सोड्याच्या बाटलीवरील अनामतीने पिढ्यान्‌पिढ्या बाटल्या परत आणल्या, त्या कोणत्याही उपग्रहाच्या मदतीवाचून.

याचा अर्थ नवे तंत्र नाकारावे, असा नव्हे. जनावरांच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याचे उदाहरण बोलके आहे. तो केवळ क्रमांक आहे. परंतु लसीकरणाची आणि मालकीबदलाची नोंद त्यावर नियमाने होत राहिली, तर त्याची किंमत शंभरपट होते. नोंद थांबली की तो कानातला पिवळा तुकडा उरतो. यंत्र मोजत नाही. मोजण्याची शिस्त असलेल्या माणसाचे काम ते हलके करते. अनुदान मिळते म्हणून यंत्र आधी घ्यावयाचे आणि गरज मागाहून शोधावयाची, हा क्रम सहकारी संस्थांनी तरी टाळला पाहिजे.

शेवटचा प्रश्न न्यायाचा आहे. 2016 साली राज्यात फळे व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. पुढच्या दाराने गेलेला हा बोजा ‘क्रेट-खर्च’ म्हणून मागील दाराने शेतकऱ्याच्या पट्टीत परत येऊ नये. तसेच, हरवलेल्या क्रेटची भरपाई हमालाच्या मजुरीतून कापण्यासाठी यंत्राची नोंद पुरावा म्हणून वापरली जाणार असेल, तर ती नोंद पाहण्याचा हक्क हमालालाही असला पाहिजे. क्रेट ज्याच्या मालकीचा, गळतीचा धोका आणि यंत्राचा खर्चही त्याचाच, हे सूत्र आधी लेखी मान्य व्हावे. यंत्राची खरेदी त्यानंतर करावी. जुन्नर-आंबेगावच्या बाजारपेठांनी ही पायरी गाळली, तर क्रेट कदाचित सापडतील, विश्वास मात्र हरवेल; आणि त्याचा माग काढणारे यंत्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.