व्होल्गाकाठची ताजी बिअर
रशियात स्वदेशी बिअर श्रेष्ठ की आयात केलेली, या वादात अनेकांचा कौल परदेशी बाटलीकडे झुकतो, आणि त्यास इतिहासाचा आधार आहे हे मान्य केले पाहिजे. कारण सोव्हिएत अमदानीत ‘झिगुल्योव्स्कोये’ या एकाच नावाची बिअर देशभरच्या असंख्य कारखान्यांतून बाहेर पडत असल्यामुळे तिचा दर्जा त्या त्या ठिकाणच्या पाण्यावर, माल्टवर आणि कारभाऱ्यांच्या निष्ठेवर अवलंबून राही. परंतु ज्या समारा शहरी, व्होल्गेच्या तीरावर, अल्फ्रेड फॉन वाकानो या ऑस्ट्रियन उद्योजकाने १८८१ साली ‘झिगुल्योव्स्कोये’चे मूळ घर असलेला आपला कारखाना उभारला, तेथे पिंपातून थेट मिळणारी ताजी बिअर मला दूरदेशीच्या कोणत्याही लागरपेक्षा निःसंशय सरस वाटते; कारण हॉप्सचा सुगंध मुळातच अल्पायुषी, आणि प्रवासातील उष्णता, प्रकाश व गोदामातील दिरंगाई यांपुढे चेक वा जर्मन कुलीनतेचाही निभाव लागत नाही. शिवाय परदेशी नावाची पुष्कळशी बिअर परवान्यान्वये रशियातच तयार होत आली आहे, तेव्हा तिला आयातीचा मान कशासाठी द्यावा? गडद, तीव्र पोर्टरची गोष्ट मात्र निराळी: तिला काळ मानवतो, म्हणूनच अठराव्या शतकात ती लंडनहून समुद्रमार्गे सम्राज्ञी कॅथरिनच्या दरबारी सुखरूप पोहोचत असे, आणि १९९० साली लेनिनग्राडमध्ये सुरू झालेल्या ‘बाल्तिका’ने पुढे ६ क्रमांकाखाली जी पोर्टर काढली, ती याच परंपरेतली आहे.