चौदा ग्रॅमचा रुबाब

आधीच सांगून ठेवतो, आज मी भांडायला बसलोय. विषय आहे पोकरच्या चिप्स. हसू नका. "एवढ्याशा प्लास्टिकच्या टिकल्यांवर काय लिहिणार हा?" असं ज्यांना वाटतंय त्यांनी चहा घेऊन या, मी थांबतो.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: आपल्या तीन पत्तीचा अमेरिकन चुलतभाऊ. बोली लावायची ती पैशांऐवजी चिप्सनी. आणि माझ्या आईसाठी एक ओळ, कारण ती हे वाचते: आई, आम्ही पैसे लावत नाही. प्रत्येकाला सुरुवातीला सारख्या चिप्स मिळतात, त्या संपल्या की तो बाहेर. जो सगळ्यात आधी बाहेर पडतो, तो रविवारी सकाळी सगळ्यांना मिसळ खाऊ घालतो. बस्स.

तर २०२३ साली मी तीन महिने ऑनसाईट होतो, न्यू जर्सीत. परत येताना लोक चॉकलेटं आणतात, बदाम आणतात. मी काय आणलं? ५०० चिप्सची अॅल्युमिनियमची सूटकेस. प्रत्येक चिप १४ ग्रॅमची. म्हणजे नुसत्या चिप्सच ७ किलो, वर सूटकेसचं वजन वेगळं. २३ किलोच्या बॅगेत सात-आठ किलो हेच! आईने सांगितलेली भांडी राहिली, तो विषय आमच्याकडे अजून निघतो.

का आणली? खोक्यावर लिहिलं होतं 'कॅसिनो ग्रेड', 'क्ले कंपोझिट', '१४ ग्रॅम'. हातात घेतली की जड लागायची. टेबलावर टाकली की खण्ण वाजायची. च्यायला, एकदम जेम्स बाँड! पब्लिक खूश. मी तर इतका खूश की पहिल्या शनिवारी पत्ते वाटायच्या आधी अर्धा तास आम्ही नुसत्या चिप्सच वाजवत बसलो होतो.

आता या तिन्ही शब्दांचा समाचार घेतो.

एक, क्ले. माती-बिती काही नाही. आत लोखंडाची चकती आणि वरून प्लास्टिक. तो खण्ण आवाज त्या चकतीचा. दोन, १४ ग्रॅम. अमेरिकेतल्या कॅसिनोंत पॉलसनसारख्या ज्या नावाजलेल्या क्ले चिप्स असतात, त्या साधारण ९-१० ग्रॅमच्या असतात. म्हणजे माझी 'कॅसिनो ग्रेड' चिप खऱ्या कॅसिनोच्या चिपपेक्षा दीडपट जड! वजन जास्त म्हणजे माल चांगला, हा नियम भाजीच्या जुडीला ठीक आहे. चिपच्या बाबतीत तो आपल्याला मूर्ख बनवायला वापरलाय. आणि तीन, कॅसिनो ग्रेड. याच्यावर मी खरा चिडलोय, पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि पोकरची अॅप्स बंद पडली. आमच्या ग्रुपमधले दोघं तिथे दहा-वीस रुपयांच्या टेबलावर खेळायचे, ते मग आमच्या शनिवारच्या बैठकीला येऊ लागले. त्यातला एक क्यूएमध्ये आहे. इथे त्याला टेस्टर म्हणू. अॅपवर हा माणूस वाघ होता. कधी घाईत बोली नाही, कधी हिशोब चुकला नाही. पण आमच्या टेबलावर बसला की गाढवासारखा खेळायचा. भलत्याच चिप्स टाकायचा. मध्येच थांबायचा, ढीग उचलून डोळ्यांजवळ न्यायचा, पुन्हा ठेवायचा. आम्ही म्हणायचो, "काय रे, झोप येतेय का? कॉफी करू?" तो हसायचा.

आमच्या सेटवर आकडे नाहीत. फक्त रंग, आणि कडेला फाशांचं डिझाईन. किमती आमच्या आम्हीच ठरवलेल्या: हिरवी २५, लाल १००, काळी ५००. पोकरमध्ये साधा नियम आहे, तोंडाने काही न बोलता चिप्स पुढे सारल्या तर जेवढ्या सारल्या तेवढी बोली. एका शनिवारी मी १०० ची बोली लावली. टेस्टरने चार चिप्स पुढे सारल्या. लाल. म्हणजे ४००. माझा हात चांगला होता, मी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. तो म्हणाला, "अरे, मी फक्त शंभर बघितले होते. वाढवलं नव्हतं."

आणि मी, म्हणजे हा ब्लॉग लिहिणारा शहाणा, सगळ्यांसमोर म्हणालो, "दर वेळी तुझंच कसं चुकतं रे? समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग 'चुकून टाकलं' म्हणायचं. अॅपवर पण हेच करायचास का?"

टेबल शांत झालं. तो म्हणाला, "घे, चालेल." पत्ते पालथे ठेवले, अजून थोडा वेळ बसला, आणि अकराला काहीतरी कारण सांगून निघून गेला. पुढचे चार शनिवार आला नाही. रविवारी मिसळीला पण नाही. आम्ही काय केलं? "बायकोने परवानगी नाकारली वाटतं" असे फालतू जोक केले.

पाचव्या आठवड्यात ऑफिसखालच्या टपरीवर भेटला. मीच विषय काढला, कारण मला राहवत नव्हतं. तेव्हा तो म्हणाला, "मला तुझे लाल आणि हिरवे सारखे दिसतात. त्यात तुझ्या हॉलचा तो पिवळा दिवा."

मी म्हटलं, "मग सांगायचंस ना!"

"सांगितल्यावर लोक काय करतात माहितीये? पुढची पंधरा मिनिटं हाताला लागेल ती वस्तू उचलून विचारतात, हा कुठला रंग, हा कुठला रंग. बारावीनंतर मर्चंट नेव्हीच्या मेडिकलला बाहेर काढलं मला, त्या ठिपक्यांच्या पुस्तकामुळे. तेव्हा घरच्यांनी आठवडाभर हेच केलं होतं."

माझा चहा तसाच थंड झाला.

आता मुद्दा. तुम्ही म्हणाल, ही एका मित्राची गोष्ट झाली, त्यात चिप्सचा काय दोष? चिप्सचाच आहे! पुरावा बघा. तोच माणूस, तोच खेळ, तेच नियम. अॅपवर चुकत नव्हता, टेबलावर चुकत होता. बदललं काय? अॅपवर प्रत्येक ढिगाशेजारी आकडा लिहिलेला असायचा. माझ्या १४ ग्रॅमच्या रुबाबावर नव्हता. आमच्या धंद्यात याला डिबगिंग म्हणतात. एकच गोष्ट बदलली आणि बग आला, तर बग त्या गोष्टीत असतो. आम्ही मात्र तो माणसात शोधत बसलो.

आणि हा काही लाखात एक प्रकार नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याचा गोंधळ साधारण ८ टक्क्यांना असतो. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण पोकरच्या टेबलावर बहुतेक पुरुषच बसतात, आणि दोष मुख्यतः पुरुषांतच आढळतो. म्हणजे तुमच्या ओळखीत असा कुणीतरी असणार. त्याने तुम्हाला सांगितलं नसेल एवढंच.

आता 'कॅसिनो ग्रेड'कडे येतो. कुणी म्हणेल, कॅसिनोतही लाल ५ ची आणि हिरवी २५ चीच असते की. अगदी बरोबर. पण कॅसिनो फक्त रंगावर विसंबत नाही. नेवाडाच्या गेमिंग कमिशनच्या नियमावलीत बारावा नियम चिप्सबद्दल आहे. त्यात व्यास दिलाय, १.५५ इंच, म्हणजे आपल्याकडे मिळणाऱ्या ३९ मिलिमीटरच्या चिप्स. आणि त्यातच एक अट आहे, जी वाचून मी खुर्चीतून उठलो. वेगवेगळ्या किमतींच्या चिप्स एका ढिगात रचल्या आणि तो ढीग कृष्णधवल सीसीटीव्हीवर पाहिला, तरी प्रत्येक चिपची किंमत ओळखू आली पाहिजे!

कृष्णधवल! म्हणजे ज्या उद्योगाला तुमच्या खिशातला शेवटचा डॉलर हवाय, तोही म्हणतो की फक्त रंगावर भागवू नका. म्हणून खऱ्या चिपच्या कडेचे पट्टे प्रत्येक किमतीला वेगळे असतात. कुठे चार, कुठे आठ, कुठे रुंद, कुठे जोडीने. आणि तोंडावर आकडा. माझ्या सेटमध्ये? सगळ्या रंगांना तेच फासे, त्याच जागी. साचा एक, रंग पाच. कॅसिनोचा दिखाऊ भाग, म्हणजे वजन आणि खणखणाट, तेवढा उचलला. कामाचा भाग सोडून दिला.

मला जास्त लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आम्ही दिवसा वेबसाईट बनवतो. वेब अॅक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून एक कलम आहे, १.४.१: माहिती फक्त रंगातून देऊ नका. सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पातळीचं कलम. या कलमाखालची किती तिकिटं मी स्वतः बंद केली असतील! फॉर्ममधल्या लाल चौकटीशेजारी 'चूक आहे' असे शब्द टाकलेत. आणि शनिवारी संध्याकाळी तोच मी मित्राला लाल-हिरव्यावर बसवून वर त्याच्यावर लबाडीचा आरोप करतोय.

खिशातली नोट काढून बघा. २०१६ नंतरच्या ५०० च्या नोटेच्या कडेला पाच उठावदार तिरक्या रेघा आहेत, १०० च्या नोटेला चार. अंध माणसाला बोटांनी कळावं म्हणून. शिवाय आकार वेगळा, रंग वेगळा, आकडा मोठा. रिझर्व्ह बँकेला जे सुचलं ते खेळण्याच्या कंपन्यांना सुचू नये?

"अरे, खेळच आहे, एवढं काय मनावर घेतोस?" हा आमच्या ग्रुपमधला पहिला प्रतिसाद. माझं म्हणणं, खेळ आहे म्हणूनच. नोकरीत निदान भांडता येतं. पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंगच्या कोर्ससाठी निवड झालेल्या उमेदवाराला रंगांधळेपणामुळे नाकारलं गेलं, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने अशा उमेदवारांना कोर्सेसचे दरवाजे उघडे करायला सांगितलं. मित्राच्या हॉलमधल्या टेबलासाठी कोण कोर्टात जाणार? तिथे माणूस गुपचूप उठतो आणि यायचा बंद होतो. आणि आपण जोक करतो.

दुसरा प्रतिसाद: "पण जड चिपचा फील असतो यार." असतो. मान्य. मला पण आवडायचा. पण फील हा शेवटचा निकष आहे, पहिला नाही. पहिला निकष असा: टेबलावरच्या प्रत्येकाला, समोरच्याचा ढीग बाजूने बघून, न विचारता, तो किती आहे हे कळतं का? पोकरमध्ये अर्धे निर्णय समोरच्याकडे किती उरलंय यावर असतात. ज्याला ते दिसत नाही, तो तुमच्यासोबत खेळतच नाहीये.

तर फुकटचा सल्ला.

रंग गडद-फिक्यावर निवडा. पांढरा, पिवळा, निळा, काळा. लाल आणि हिरवा एकत्र नको. कडेचे पट्टे प्रत्येक किमतीला वेगळे हवेत आणि तोंडावर ठसठशीत आकडा हवा, टेबलाच्या पलीकडून वाचता येईल असा. दुकानात किंवा फोटोवर एक परीक्षा घ्या: मिश्र ढिगाचा बाजूने फोटो काढा, मोबाईलमध्ये कृष्णधवल करा. ओळखता आलं तर घ्या, नाहीतर ठेवा. नेवाडाची परीक्षा, फुकटात.

५०० चिप्स नकोत. आठ जणांना प्रत्येकी २५ च्या ८, १०० च्या ८ आणि ५०० च्या ४ दिल्या की ३,००० होतात. २५-५० पासून बोली सुरू केली तर रात्रभर पुरतात. एकूण १६० चिप्स. नंतर बारक्या चिप्स बदलून द्यायला १,००० च्या वीसेक. २०० चा सेट खूप झाला. १०-११ ग्रॅमच्या घेतल्या तर दोन-सव्वादोन किलो, आणि भांड्यांना जागा उरते. लाखाचे आकडे आणि रुपयाचं चिन्ह छापलेल्या चिप्स तर घेऊच नका. आपण मिसळीसाठी खेळतोय.

आणि ढिगावर बोट ठेवून बोली तोंडाने बोलायची, "शंभर, बघितलं". हा नियम आम्ही आता सगळ्यांना लावलाय, एकट्याला नाही. एकट्याला लावला की ती पुन्हा तीच परीक्षा होते, हा कुठला रंग.

नवा सेट मागच्या महिन्यात आला. मी टेस्टरला फोन केला, आधी माफी मागितली, मग म्हटलं टेस्टिंगला ये. तो म्हणाला, "रेग्रेशन करावं लागेल." आला. ढीग बाजूने बघितला, पिवळ्या दिव्याखाली बघितला, काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "वाट पत्ते."

त्या रात्री सगळ्यात आधी मीच बाहेर पडलो. आठ मिसळ, चौदा जादा पाव, बिल माझं.

जुनी सूटकेस गॅलरीच्या दाराला लावून ठेवलीये, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. त्या कामाला सात किलो अगदी योग्य आहेत. कुणाला हवी असेल तर सांगा, पण आधी तुमच्या ग्रुपमध्ये एकदा विचारून या. सगळ्यांसमोर नाही, एकेकाला.

असो. पत्ते पिसायची वेळ झाली.