फीत खांद्यावर, आकाश दूर: ब्रिटनच्या हवाई कॅडेटांची कहाणी

१/ गणवेशातील किशोरांचे जुने छायाचित्र पाहताच मतांचे दोन तट पडतात. एकाला त्यात शिस्त दिसते, दुसऱ्याला कोवळ्या वयाचे सैनिकीकरण. ब्रिटनच्या एअर ट्रेनिंग कोअरचा इतिहास तिसराच प्रश्न विचारतो: मुलांना बढतीची शिडी दाखवणाऱ्या शासनावर तिच्या शेवटच्या पायरीचे उत्तरदायित्व असते की नाही?

२/ या दलाचे मूळ १९३८ मधील. युद्धाची चिन्हे दिसू लागताच एअर कमोडोर जे. ए. चॅमियर यांच्या पुढाकाराने एअर डिफेन्स कॅडेट कोअर स्थापन झाले. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी शासनाने त्याच्या जागी एअर ट्रेनिंग कोअर उभे केले. रॉयल एअर फोर्सला प्रशिक्षणक्षम तरुण हवे होते आणि मुलांना आकाश हवे होते.

३/ तेव्हा ब्रिटनमधील बहुसंख्य मुलांचे शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे. दिवसा कारखान्यात राबणारा मुलगा सायंकाळी कवायत, मोर्स संकेत, विमानांची ओळख, गणित आणि दिशानिर्णय शिकू लागला. परीक्षा उत्तीर्ण व्हावी, कॉर्पोरल आणि मग सार्जंटची फीत मिळवावी, असा हा क्रम होता. सुटलेली शाळा गणवेशाच्या वाटेने परत आली, हे या दलाचे खरे श्रेय होय.

४/ मात्र डिसेंबर १९४३ मध्ये कोळसा खाणींतील मनुष्यबळाची टंचाई दूर करण्यासाठी मंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी सोडत सुरू केली. सक्तीच्या सेवेस पात्र ठरलेल्या ज्या तरुणांच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा अंक निघे, त्यांची रवानगी खाणीत होई. विमानदलाच्या उड्डाणसेवेसाठी निवड झालेल्यांना सवलत होती. निव्वळ कॅडेट असणे पुरेसे नव्हते. वैमानिक होण्याची स्वप्ने पाहिलेले अनेक कॅडेट अशा रीतीने भूगर्भात उतरले. नकार देणाऱ्यास तुरुंगवास होऊ शकत असे.

५/ १९४४ मध्ये वैमानिकांची संख्या गरजेपेक्षा अधिक झाली. प्रशिक्षणाची वाट पाहणाऱ्या अनेकांना भूदलाकडे वळवण्यात आले. त्यांच्या गुणवत्तेत उणीव नव्हती. युद्धाचे गणित बदलले होते.

६/ ज्यांची स्वप्ने पूर्ण झाली, त्यांचे काय? बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० उड्डाण-सैनिकांपैकी ५५,५७३ जण मृत्यू पावले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर आकाश होते, तसाच मृत्यूही होता. भरतीच्या भित्तिपत्रकांवर त्यातील केवळ आकाश रंगवलेले असे.

७/ युद्धकाळात शासनाला असे निर्णय घ्यावे लागतात, हा युक्तिवाद खरा आहे. परंतु अपुरा आहे. निर्णय अटळ असला तरी सोळा वर्षांच्या मुलास त्याची शक्यता आधी सांगणे अशक्य नव्हते. फीत म्हणजे शिकलेल्या विद्येची पावती. ती भवितव्याची हमी नव्हे.

८/ हा भेद भारतातही मोलाचा आहे. एनसीसीच्या हवाई शाखेची सुरुवात १९५० मध्ये मुंबई आणि कलकत्त्यात झाली. एनसीसीतील कॅडेटवर सैन्यात जाण्याचे बंधन नाही. ‘सी’ प्रमाणपत्रामुळे वायुसेनेच्या विशेष प्रवेशाचे दार उघडते, तरी निवड मंडळाची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी चुकत नाही. म्हणून कोणत्याही कॅडेट दलाचे मोजमाप त्यातून किती वैमानिक घडले यावर करू नये. ज्याला आकाश लाभले नाही, त्याच्या हाती कोणती विद्या उरली, हीच त्याची खरी कसोटी.