हाताला गुण कधी मिळणार?

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात ‘माउंटन स्कूल’ नावाची शाळा आहे. १९८४ पासून अकरावीची मुले तिथे एक सत्रभर डोंगरातल्या शेतावर राहायला येतात. भाजी पिकवतात, सरपण फोडतात, जनावरांचे करतात आणि अभ्यासही करतात. हे ऐकून आमच्या लोणी देवकरचा शेतकरी म्हणेल, ‘‘एवढ्यासाठी पैसे भरायचे? आमची पोरं हे फुकट करतात की!’’

हा शेरा हसण्यावारी नेऊ नये. उजनीच्या पाण्यावर ऊस आणि डाळिंब पिकवणाऱ्या आमच्या भागात बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोटर चालू करतो, ठिबकच्या नळ्या धुतो, गाईची धार काढतो. शाळा त्याला विचारत नाही. बापालाही ते नको असते. ‘‘आमच्यासारखं राबायला लागू नये म्हणून तर शाळेत घातलंय,’’ असे तो म्हणतो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. ती नई तालीम गावोगाव रुजली नाही, त्यामागे बापाची ही भीतीही असावी, असे मला वाटते.

पण राबणे वेगळे आणि शिकणे वेगळे. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. पदवीधराच्या कुक्कुटपालनाच्या अहवालात आकडे सुबक असत. मात्र मरतूक किती धरली, असे विचारले की तो अहवाल लिहून देणाऱ्याकडे पाही. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याला सारा धंदा तोंडपाठ असे. पण महिन्याचा हिशेब त्याला कागदावर उतरवता येत नसे. एकाला हात नव्हते, दुसऱ्याला कागद नव्हता. दोघेही शाळेत गेलेले होते.

ही फाळणी सांधण्याचा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ डॉ. कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथे मुले वर्षभर राहून वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया शिकतात. आसपासच्या शाळांतही आठवड्यातला एक दिवस अशा कामासाठी राखण्याची पद्धत त्यांनी रुजवली. काम लुटुपुटूचे नाही. गावातल्या कुणाला तरी हवी असलेली वस्तू करायची, तिचे चित्र काढायचे, खर्च मांडायचा. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे. राज्य मंडळाने हा विषय मान्य केला, तरी तो मोजक्याच शाळांपर्यंत पोचला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा ‘दप्तराविना’ दिवस सांगितले आहेत. ते सहलीत संपू नयेत. आठवड्यातला एक दिवस द्यावा. बादली आणि घड्याळ घेऊन मोटर तासाला किती पाणी उपसते ते मुलांनी काढावे. गाईच्या चाऱ्याचा आणि दुधाचा महिन्याचा हिशेब मांडावा. मुलींनी वेल्डिंग करावे, मुलांनी भाकरी थापावी. शिकवायला गावचा गवंडी आणि वायरमन बोलवावा, पण मानधन देऊन. आणि या साऱ्याला गणिताइतकेच गुण असावेत.

कामामागचे ‘का’ आणि ‘किती’ कळले की तेच काम विद्या होते. मग मुलगा शेतात राहो की औद्योगिक वसाहतीत जावो, तो नुसता राबणार नाही. बापाला हवे आहे ते याहून वेगळे काय आहे?