चेहरा झाकून बघा

लक्ष्मीपूजनाच्या ताटापुढे भांडण नको, असा आमच्या घरचा दंडक आहे. पण दिवाळी अंकात थोडे भांडायला हरकत नसावी. मी चित्रकलेतला जाणकार नव्हे. पुण्यातला एक शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, हा आणखी एक दोष. तरीही माझे म्हणणे असे, की चळवळीने चित्राला जे काम दिले होते ते आपण काढून घेतले आणि त्याला नुसते मुजऱ्याला उभे केले.

याच पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा छापखाना काढला. निबंधमालेचा हा कर्ता! ज्याची सारी ताकद शब्दांत, त्याने दगडावरून चित्रे का छापावीत? कारण उघड आहे. निबंध वाचणारे थोडे. शिळेवरून निघालेले रंगीत चित्र मात्र ज्या घरात कुणाला वाचता येत नाही, तिथल्या भिंतीवरही लागे. देवादिकांच्या तसबिरींबरोबर सवाई माधवराव आले, नाना फडणीस आले. पेशवाई बुडून तेव्हा साठ वर्षे झाली होती. आपलेही एक राज्य होते, हे त्या चित्रांनी व्याख्यान न देता सांगितले.

चित्राची ही ताकद सरकारला आपल्याआधी कळली होती. १८७० साली दंडविधानात राजद्रोहाचे १२४ अ कलम आले. त्यात बोललेल्या आणि लिहिलेल्या शब्दांबरोबर खुणा आणि दृश्य चित्रणही घातले होते. लोकमान्यांना १८९७ आणि १९०८ साली याच कलमाखाली शिक्षा झाल्या, त्या ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल. पण कायदा लिहिणाऱ्याने चित्रालाही गुन्हेगारांच्या रांगेत मान दिला होता. आपण तेवढाही देत नाही.

भाऊसाहेब रंगारींचा गणपती घ्या. सार्वजनिक उत्सव १८९२ चा की १८९३ चा, यावर पुणेकर घसा बसेपर्यंत वाद घालतात. मूर्ती काय करते आहे, हे मात्र थोडेच लोक पाहतात. तो गणपती मोदक घेऊन स्वस्थ बसलेला नाही. तो राक्षसाला मारतो आहे. परक्या अमलाखाली राक्षस कोण, हे पाटी लावून सांगावे लागत नव्हते.

माझी कसोटी साधी आहे. चित्रातला चेहरा हाताने झाका आणि उरलेले काही बोलते का ते बघा. नानांचा चेहरा झाका. पगडी उरते, हरवलेल्या राज्याचा थाट उरतो. रंगारींच्या गणपतीचे मुख झाका, राक्षस उरतो. आता चौकात या. वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आहे. मोठा चेहरा झाका. खाली शुभेच्छुकांचे वीस चेहरे, तेही झाका. उरले काय? प्लास्टिक.

म्हणजे चेहरेच नकोत का? तसे नव्हे. बाबासाहेब आंबेडकरांची घरोघरची तसबीर पाहा. चेहरा झाकला तरी निळा कोट उरतो, राज्यघटनेचे पुस्तक उरते, उंचावलेले बोट उरते. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली ज्यांना महाडला सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वस्तीत ते बोट आजही काही मागते आहे.

प्रचार शिरला की कला संपते, असे म्हणणारे भेटतीलच. कलेसाठी कला की जीवनासाठी, हा फडके-खांडेकरांचा वाद आपल्या वाडवडिलांनी चवीने वाचला. मला विचाराल तर फ्लेक्स त्या दोघांच्याही पंक्तीला बसत नाही. त्यात कला नाही आणि जीवनही नाही.

आता दुसऱ्यांना बोल लावून झाले, माझेही सांगतो. गेल्या वर्षी वर्गात मी ‘चळवळ’ हा विषय चित्राला दिला. बहुतेक मुलांनी फेटा, हार आणि चेहरा काढला. एका मुलीने कोरडा नळ काढला. नळापुढे हंड्यांची रांग, आणि प्रत्येक हंड्याला बाई नाही, नुसती वळलेली मूठ. कसोटी लावायला चेहराच नव्हता! शाळेच्या प्रदर्शनाला बडे पाहुणे यायचे होते. “हे नको, त्यांना लागेल,” असा निरोप आला, आणि ते चित्र भिंतीवरून उतरवले ते मीच.

“सर, माझं काही चुकलं का?” तिने विचारले.

“नाही,” मी म्हणालो. चुकले कोणाचे, ते मात्र सांगितले नाही.

ते चित्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. भिंतीवरचा खिळा अजून रिकामा आहे. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या दिवशी मी ते तिच्याच हातून तिथे लावून घेणार आहे. पाहुण्यांना लागले, तर त्यांनी नळ दुरुस्त करावा.