पदक आणि पत्र

पंडिता रमाबाईंना सरकारने १९१९ साली कैसर-इ-हिंद पदक दिले. कारण, लोकसेवा. याच सरकारचा गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट याने १८९७ साली त्यांचे म्हणणे अत्यंत चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले होते. बाई त्याच, कामही तेच. पण १८९७ मध्ये त्या बोलल्या होत्या.

पुण्यात प्लेग होता. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिले की, प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांची अब्रू सुरक्षित नाही. विधवांसाठीच्या आपल्या शारदा सदनातल्या एका मुलीच्या वाट्याला तिथे काय आले, तेही लिहिले. लिहिणारी ख्रिस्ती, छापणारे साप्ताहिक ख्रिस्ती, राज्यकर्तेही ख्रिस्ती. तरी पत्र झोंबले. त्याआधी, १८९३ मध्ये, धर्माच्या प्रश्नावरून रानडे-भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. एकीकडे श्रद्धा खुपली, दुसरीकडे तोंड उघडणे खुपले. विधवांच्या ताटात भाकरी वाढण्याला मात्र दोन्हीकडे हरकत नव्हती.

ख्रिस्ती स्त्रियांच्या संस्थांशी आपण आजही असेच वागतो. मुंबईत वायडब्ल्यूसीए १८७५ पासून आहे. खेड्यापाड्यांत दवाखाने आणि शाळा चालवणाऱ्या सिस्टर आहेत. त्यांनी औषध द्यावे, शिवणकाम शिकवावे, पोरांना अक्षर ओळखायला लावावे. आपण हार घालू. प्रश्न मात्र विचारू नयेत.

आणि प्रश्न तर समोरच पडलेले असतात. दिवाळी झाली की पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांतून माणसे भट्ट्यांवर निघतात. कोणी विटांच्या, कोणी कोळशाच्या. उचल आधीच खाऊन झालेली असते. वीटभट्टीवर बाई चिखल मळते, गोळे देते, कच्च्या विटा उलथते, थप्पी लावते, मधल्या वेळेत रांधते आणि पोर पाजते. मजुरी जोडप्याची, हजार विटांमागे. हिशोब मुकादमाच्या वहीत, नवऱ्याच्या नावावर. तिचे नाव त्या वहीत नसते. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो, उचल फिटलेली नसते, आणि पुढच्या हंगामाला तीही बांधली जाते. ज्या कर्जावर तिचा अंगठा नाही, ते ती अंगमेहनतीने फेडते.

अशा वाडीत संस्थेच्या बाईने टॉनिकची बाटली दिली, तर ती देवमाणूस. तिने ‘हिचे नाव वहीत का नाही?’ असे विचारले, की ती बाटवायला आलेली. हा आरोप फार सोयीचा आहे. तो केला की वही उघडावी लागत नाही. जबरदस्तीने किंवा लालूच दाखवून धर्म बदलायला लावणे चूकच. तसे कोणी करत असेल तर पुरावा द्यावा. पण वहीबद्दलच्या प्रश्नाला ते उत्तर होत नाही.

संस्थांनाही सांगायला हवे. शिवणयंत्र वाटून थांबणे सोपे आहे. नाव खराब होत नाही, परवानग्या अडत नाहीत. पण रमाबाईंची तसबीर भिंतीवर लावायची तर १८९७ चे पत्रही पत्करावे लागते. त्यांची प्रार्थना, त्यांचे अन्नछत्र आणि त्यांचे पत्र ही तीन वेगळी खाती नव्हती. छावणीतल्या मुलीबद्दल गप्प राहून त्यांना गुडघे टेकता आले नसते.

उचलीने असे बांधले जाण्याविरुद्ध कायदा आहेच. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या ठेवल्या आहेत. त्यांत समाजसेवकांच्या दोन जागा आहेत. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी त्यांतल्या एका जागेवर वाडीत जाणारी बाई बसवा, तिचा धर्म न विचारता. समितीची बैठक भट्ट्या पेटण्याआधी घ्या, आणि मुकादमांच्या वह्या टेबलावर मागवा.