‘श्वास’ : वात्सल्य की मैत्री?

‘श्वास’ या चित्रपटाची चर्चा बहुधा आजोबा-नातवाच्या वात्सल्याची कहाणी म्हणून केली जाते. आमच्या मते ती मैत्रीची कहाणी आहे, आणि हा भेद केवळ शब्दांचा नाही.

संदीप सावंत दिग्दर्शित या चित्रपटाला २००३ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नंतर (१९५३) हा मान मराठीकडे पुन्हा येण्यास पन्नास वर्षे लागली. श्यामच्या आईपाशी मुलाला देण्यासाठी संस्कार आहेत. परशुरामच्या आजोबांपाशी मात्र शिकवण्यासारखे काहीच उरलेले नाही. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार. मुलाला हे आधी सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. आणि आजोबांची जीभ रेटत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावातील प्रेक्षकाला कोकणातून आलेले हे दोघे परके वाटू नयेत. मोठ्या दुखण्यासाठी दूरचे शहर गाठणे आणि हाती कागद घेऊन रुग्णालयात ताटकळणे खेड्यातल्या माणसाला नवे नाही. अशा ठिकाणी वडीलकीचा अधिकार गळून पडतो. शहरापुढे आजोबा नातवाइतकेच अजाण ठरतात. मैत्रीला लागणारी बरोबरी येथे निर्माण होते.

म्हणूनच शस्त्रक्रिया लांबते तेव्हा आजोबा कुणालाही न सांगता मुलाला बाहेर नेतात, त्याला शहर दाखवतात. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्या अभिनयात या वेळी पालक-पाल्याचे अंतर जाणवत नाही. हे वागणे बेजबाबदार आहे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. डॉक्टरांचा संतापही रास्त आहे. परंतु वात्सल्य दुःख लपवू पाहते, तर मैत्री ते वाटून घेते. आजोबा नातवाचे अंधत्व टाळू शकत नाहीत. त्याच्या उजेडाच्या अखेरच्या दिवसात मात्र सहभागी होतात.

आपल्या अभ्यासक्रमांत आजोबा बहुधा गोष्ट सांगून तात्पर्य देणारे असतात. तात्पर्य न देणारा हा म्हातारा विद्यार्थ्यांसमोर ठेवताना शिक्षकांनीही त्यावर ‘वात्सल्य’ अशी चिठ्ठी चिकटवण्याची घाई करू नये.